ब्रिगेडियरसाहेबांचं तेलुगू

गेल्या महिन्यात पेपरच्या आतल्या पानावर ब्रिगेडियर माधवराव औरादकर वारल्याची बातमी आली. चार ओळी. नाव, हुद्दा, ‘माजी आमदार’, मागे पत्नी आणि एक विवाहित मुलगी. वर एक जुना फोटो, वर्दीतला. वर्दीतला फोटो छापलेला त्यांना अजिबात आवडला नसता, आणि ते आवडलं नसतं हे ठाऊक असलेली माणसं आता हैदराबादेत फार उरली नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

त्यांचं चरित्र मी सांगू शकणार नाही. ते कुठल्या आघाडीवर लढले, पदक कशाबद्दल मिळालं, हे मला नीट ठाऊक नाही, आणि विचारलं तर ते विषय बदलत. मी काही वर्षं त्यांची दुभाषी होते, एवढाच माझा अधिकार. सभेत ते मराठीत बोलायचे आणि मी शेजारी उभी राहून ते तेलुगूत सांगायची.

तेव्हा मी हिमायतनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. आम्ही जुन्या हैदराबाद संस्थानातले मराठी लोक. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात दखनी, असे वाढलेलो. त्यात माझी आई वरंगळला लहानाची मोठी झालेली. माझं तेलुगू ऐकून लोक कौतुकानं आडनाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की पुन्हा एकदा नीट निरखून बघायचे. ही कीर्ती काचीगुड्यापर्यंत पोचली असावी. एका रविवारी सकाळी दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि बूट असे चकचकीत की माझी नजर आधी तिकडेच गेली. शेजारी त्यांच्या पत्नी, सुमतीबाई, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन.

“मी औरादकर. काचीगुड्यात राहतो. तुमच्या वडलांची माझी ओळख होती,” ते उभ्या उभ्याच म्हणाले. “निवडणुकीला उभा राहायलोय. मला तेलुगू पाहिजे.”

किराणा दुकानात येऊन साबण मागावा तसं त्यांनी तेलुगू मागितलं. मला हसू आलं, आणि रागही. पुढाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा. मी म्हटलं, “मी राजकारणात पडत नाही.”

“पडू नका. नुसत्या माझ्या शेजारी उभ्या राहा.”

सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, “बाई, हो म्हणून टाका. नाही म्हटलं की हे उठत नसतात. मी पण अशीच हो म्हटले होते.”

ते तरुणपणीच फौजेत गेले आणि सगळी उमर उत्तरेत काढून परत आले. तेलुगू होतं ते लहानपणचं: पाणी, जेवण, आणि गल्लीतल्या शिव्या. ते रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागले. खुर्चीवर बसून शिकणं त्यांना जमायचं नाही. खोलीत उभं राहून वाक्य म्हणायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. महिन्या-दोन महिन्यांत भाजीवालीशी, इस्त्रीवाल्याशी बरं बोलू लागले. पण माईकवर तेलुगूचा एक शब्द नाही. मी आग्रह केला तर म्हणाले, “अर्धवट येणारं हत्यार घेऊन मैदानात जात नसतात, बाई. माणसं मरतात.”

त्यामुळे सभेत आमची जोडी ठरून गेली. ते छोटं वाक्य बोलायचे, थांबायचे, हनुवटी किंचित वर करून समोर बघत राहायचे. मी तेलुगूत सांगायची. मग पुढचं वाक्य. पहिल्याच मोठ्या सभेत, दिलसुखनगरला, माझ्या अंगात थोडं आलं. समोर बायाच बाया, हंडे-कळश्यांच्या तक्रारी घेऊन आलेल्या. साहेब म्हणाले, “पाणी रोज यायला पाहिजे. मी प्रयत्न करीन.” मला ते फार मिळमिळीत वाटलं. मी तेलुगूत सांगितलं की अक्कांनो, माझ्या बहिणींनो, मी जिवंत आहे तोवर तुमचा हंडा रिकामा राहणार नाही. मैदान टाळ्यांनी दणाणलं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

गाडीत बसल्यावर म्हणाले, “बाई, मी इतकं चांगलं बोललो नव्हतो.”

मी काय सांगितलं ते त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “मग आता ते करावं लागंल.” आणि निवडून आल्यावर हा माणूस त्या वस्तीतल्या पाण्यासाठी खरोखर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. सकाळी टँकर आला की स्वतः तिथं जाऊन उभा. नळ आला तेव्हा मला निरोप पाठवला: तुमचा हंडा भरला. त्या सभेनंतर मी त्यांच्या वाक्याला पदरचा एक मणीदेखील लावला नाही. तसा नियमच त्यांनी घालून दिला होता: मी बोललो तेच, कमी नाही, जास्त नाही.

पक्षाला अर्थातच त्यांचं बोलणं नको होतं, वर्दी हवी होती. त्यांनी वर्दीतला फोटो द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, “वर्दी देशाची होती. काम संपलं, उतरवून ठेवली.” मग काचीगुड्याच्या चौकात पक्षानं त्यांचा दोन मजली कटआउट उभा केला, पेंटरच्या कल्पनेतून. मिशा होत्या त्याच्या दुप्पट आणि छातीवर पदकांच्या रांगाच रांगा. साहेब सकाळी फिरायला निघाले, चौकात थांबले, आणि पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता नरसिंग, जो स्कूटरवरून सदैव त्यांच्या मागे असायचा, त्याला म्हणाले की पेंटरला बोलाव.

“साब, लोगां दूर से देखतें. गिनतें थोड़ी!” नरसिंग म्हणाला.

“मी मोजतो ना.”

पेंटरनं शिडी लावून जास्तीच्या रांगा हिरव्या रंगानं बुजवल्या. रंग नेमका जुळला नाही. छातीवर एक मोठं ठिगळ दिसू लागलं, आणि समोरच्या उमेदवारानं सभेत सांगून टाकलं की सरकारनं यांची पदकं काढून घेतली आहेत, बघा, जागा अजून दिसते. नरसिंगला रडू यायचं बाकी होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीचं आपलं वाक्य म्हटलं, “ठीक. पुढं काय?” कौतुक झालं तरी हेच, बोंब झाली तरी हेच.

निवडून आले, चांगल्या मतांनी आले. त्या आनंदात कार्यकर्त्यांचं जेवण ठेवलं होतं, एका फंक्शन हॉलमध्ये. बिर्याणी, बगारे बैंगन, डबल का मीठा. ताटं वाढली, पण कुणी बसेना. साहेब भिंतीशी हात मागे बांधून उभे. फौजेतली रीत अशी की जवान जेवल्याशिवाय त्यांचा अधिकारी जेवत नाही. आणि इकडची रीत अशी की नेत्यानं घास घेतल्याशिवाय कार्यकर्ता ताटाला हात लावत नाही. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपण अदब पाळतोय. साहेब प्रेमानं म्हणत होते, बसा, बसा. लोक हात जोडून म्हणत होते, पहले आप. बिर्याणी निवू लागली. नरसिंग माझ्यापाशी येऊन कुजबुजला, “मॅडम, साब नाराज हैं क्या हमसे? खातेच नहीं.”

शेवटी सुमतीबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, “अहो, तुमचं बरोबर आहे, पण ह्या लोकांना भूक लागलीय. बसा आणि खा.” ते बसले. शिक्षा झाल्यासारखे जेवले. आजूबाजूला शेकडो माणसं खुशीत जेवत होती आणि हा माणूस खाली मान घालून एकेक घास गिळत होता. तेव्हा मला गंमत वाटली. पुढे मला तो प्रसंग आठवला की गंमत वाटेनाशी झाली, कारण त्यांना ती दुसरी रीत शेवटपर्यंत आली नाही.

पण एक गोष्ट त्यांना इथं मिळाली आणि ती त्यांना मनापासून आवडली. काचीगुड्यातले दुकानदार, रिक्षावाले, चहाच्या हॉटेलातले म्हातारे त्यांना ‘हमारे ब्रिगेडियर साब’ म्हणू लागले. सकाळच्या फेरीत दोन्ही बाजूंनी सलाम झडायचे. बाया कडेवरची मुलं पुढे करायच्या. एकदा माझ्या घरी चहा पिताना ते जरा संकोचून म्हणाले, “बाई, फौजेत सलाम हुद्द्याला असतो, आपल्याला नसतो. हे आपण विसरायचं नसतं. इथं लोक मला सलाम करतात. मला त्याची गोडी लागायलीय.” इतकं मोकळं ते क्वचित बोलायचे. त्या ‘हमारे’ शब्दावर त्यांचा जीव होता, हे मला त्या दिवशी समजलं.

शहराबाहेर सरकारी महामंडळाचा एक पंपांचा कारखाना होता. जुना, पत्र्याचा, पण शेकडो घरं त्यावर चालत होती. साहेबांना त्या महामंडळाचं अध्यक्षपद मिळालं. निवडणुकीच्या आधी ते त्याच गेटवर बोलले होते, “मी माझ्या माणसांना मागं टाकून जात नाही.” मी ते जसंच्या तसं तेलुगूत सांगितलं होतं. तिथल्या युनियनचा पुढारी मल्लय्या, लेथवरचा कामगार, आडव्या अंगाचा आणि दणदणीत आवाजाचा. पहिल्या दिवशी तो साहेबांशी तासभर भांडला आणि मग कँटीनमधून स्वतः चहा घेऊन आला. दोघांचं जमलं. साहेब बाहेर पडताना म्हणाले, “हा माझ्याकडं असता तर सुभेदार झाला असता.” त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती.

ते दिवस उदारीकरणाचे होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या शब्दावरून रोज भांडणं व्हायची. घरोघर केबल आलं, गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, दुकानांत परदेशी माल दिसू लागला. बाहेरचे पंप स्वस्त आले आणि आमच्या पत्र्याच्या कारखान्याचे पंप गोदामात पडून राहू लागले. वर ठरलं की तोट्यातली कामं आवरायची. पहिल्या यादीत हा कारखाना होता.

साहेबांनी विरोध केला. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, सुमतीबाईंनी सांगितलं. “बैठकीत भांडून येतात आणि न जेवता झोपतात,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, दोन वर्षं द्या, चालवून दाखवतो. कुणी ऐकत नाही.” शेवटच्या बैठकीत निर्णय झाला. कुणी शहाण्यानं सुचवलं की गेटवर नोटीस चिकटवा आणि काही दिवस तिकडं फिरकू नका. साहेब म्हणाले, मी जाऊन सांगतो.

सकाळची पाळी आत जायच्या वेळी आम्ही गेटवर पोचलो. टेबलावर माईक. सगळी माणसं जमलेली, बरीचशी डबे हातात घेऊनच. साहेबांनी नेहमीसारखी हनुवटी वर केली. “कारखाना बंद होणार आहे.” मी तेलुगूत सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “तुमची देणी पूर्ण मिळतील. कॉलनीतली घरं लगेच सोडावी लागणार नाहीत. मी स्वतः बघेन.” मी सांगितलं. 

मग मल्लय्या पुढे आला. ओरडला नाही, आणि त्याचं न ओरडणंच भीतिदायक होतं. त्यानं विचारलं, “सार, एवरिदि ई निर्णयम्?” कुणाचा हा निर्णय?

साहेबांना प्रश्न कळला होता, तरी सवयीनं ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “माझा.”

 माईक माझ्या हातात होता. मी हलक्या आवाजात म्हटलं, “साहेब, हे खरं नाही.” ते माझ्याकडे पाहत राहिले, मी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. तेव्हा त्यांनी माझ्या हातातून हळूच माईक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा सभेत तेलुगूत बोलले. “ई निर्णयम् नादि. नेने तीसुकुन्नानु.” हा निर्णय माझा आहे. मीच घेतला. कुठं अडखळले नाहीत, उच्चार चुकला नाही. शिक्षिका म्हणून मला त्या क्षणी काय वाटलं ते मी कुणाला सांगू शकले नाही. वाटलं, हे मी यांना का शिकवलं.

मग जो गलका उठला तो उठला. डब्याचं एक झाकण येऊन माईकवर आदळलं. नरसिंग त्यांना ओढून गाडीकडे नेऊ पाहत होता आणि ते जागचे हलत नव्हते. लोकांचा आवाज बसेपर्यंत ते तसेच उभे राहिले, एकेकाच्या तोंडाकडे बघत. मल्लय्या मात्र त्यांच्याकडे न बघता केव्हाच पाठ फिरवून निघून गेला होता.

गाडीत मी माझा राग आवरला नाही. म्हटलं, “तुम्ही खोटं बोललात. आणि ते माझ्या तोंडून वदवून घेणार होतात.”

तेव्हा ते बोलू लागले. लढाईतली एवढी एकच गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली. त्यांच्या पलटणीनं एक टेकडी घेतली होती, बरीच माणसं गमावून. दोन दिवसांनी मागून हुकूम आला की टेकडी सोडा. का, ते हुकमात नव्हतं. त्यांनी वायरलेसवर भांडून पाहिलं. मग जवानांना गोळा करून सांगितलं की टेकडी सोडायची, मी ठरवलंय. वरून हुकूम आलाय असं बोलले नाहीत. “ज्याचा भाऊ तिथं पडलाय त्याला कुणाचा तरी राग यायला पाहिजे,” ते म्हणाले. “तो दूरच्या हेडक्वार्टरचा आला तर उद्या तो कुठलाच हुकूम मानणार नाही, आणि मरंल. माझा आला तर मी समोर आहे. मला शिव्या दे. वरचं वरच्यापाशी ठेवायचं असतं, बाई. खाली आपण उत्तर द्यायचं असतं.”

ते ऐकून मला त्यांचा आदर वाटला, खोटं कशाला सांगू. आणि राग दुपटीनं आला. मी म्हटलं, “साहेब, ते जवान होते. त्यांना हुकूम मोडायची मुभाच नव्हती. ही माणसं मतदार आहेत. यांना वरच्यांशी भांडता येतं, त्यांना पाडता येतं. पण भांडायचं कुणाशी हे तर कळायला पाहिजे. तेच तुम्ही लपवलंत. तुम्ही त्यांचा राग अंगावर घेतलात, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तुम्ही तो काढून घेतलात.”

 काचीगुडा स्टेशनपाशी रेल्वेच्या फाटकात गाडी अडली, तेव्हा ते म्हणाले, “तुमचं बरोबर असंल. मला दुसरी पद्धत येत नाही.”

राजीनामा का देत नाही, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, देणी वाटून झाल्याशिवाय गेलो तर पुढचा येणारा वर्षभर फाईल शोधत बसंल. कामगारांच्या शिव्या खात ते त्या खुर्चीवर बसून राहिले आणि शेवटच्या माणसाचं काम झाल्यावर उठले. तोवर शहरानं त्यांच्याबद्दल मत बनवून टाकलं होतं. कारखाना विकणारा. ज्यांनी खरा निर्णय घेतला होता त्यांतल्या एकानं पेपरात हळहळ व्यक्त केली की ब्रिगेडियरसाहेबांनी जरा घाईच केली. तो पेपर मी तावातावानं त्यांच्याकडे घेऊन गेले. म्हटलं, मी खरं काय ते लिहिते. त्यांनी पेपर वाचून घडी घातली आणि मला हात जोडले. यापूर्वी त्यांनी माझ्यापुढे हात जोडले नव्हते. मी लिहिलं नाही.

पुढच्या वेळी पक्षानं त्यांना उभं केलं नाही. नरसिंग स्कूटर घेऊन दुसऱ्या उमेदवाराच्या मागे गेला, अधूनमधून चोरून सुमतीबाईंना भाजी आणून द्यायचा. सकाळची फेरी मात्र चालू राहिली, त्याच रस्त्यानं. चहाच्या हॉटेलापाशी ते आले की आतलं बोलणं थांबायचं. कुणी सलाम करत नसे. एकदा कुणीतरी मोठ्यानं पंपाचा भाव विचारला आणि सगळे हसले. सुमतीबाई मला म्हणाल्या, “मी म्हटलं यांना, स्टेशनच्या मागून जा की. तर म्हणतात, रस्ता बदलला तर लोकांना वाटंल मी लाजतोय. मी विचारलं, लाजत नाही का? तर म्हणाले, लाजतो. पण चाललो नाही तर मेलोच म्हणायचं.” हे सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या माणसाला कशाची गोडी लागली होती हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

त्यानंतर काही वर्षं गेली. मी निवृत्त झाले. हिमायतनगरला एक नवी खाजगी बँक झाली होती, काचेचं दार, आत थंडगार. मी एका सकाळी तिथं गेले तर साहेब दारातून बाहेर पडत होते. बरेच वाकले होते, बूट मात्र तसेच. आम्ही पायऱ्यांवर बोलत उभे राहिलो. दारावरचा रखवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून सलाम करत होता. निळा गणवेश, टोपी, खांद्यावर शिट्टीची दोरी. त्याचा आवाज ऐकला आणि मी वळून पाहिलं. मल्लय्या होता. खूप वाळलेला.

त्यानंही आम्हाला ओळखलं होतं. आधीच ओळखलं असणार, साहेबांना त्यानंच तर दार उघडलं होतं. साहेबांनी हात जोडले. दिवसभर प्रत्येकाला सलाम करणाऱ्या मल्लय्याचा हात मात्र खालीच राहिला.

माझ्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्याचीच वाक्यं बोलत आले होते. मी तेलुगूत त्याला म्हटलं, “मल्लय्या, तो निर्णय यांचा नव्हता. हे शेवटपर्यंत विरोधात होते.” साहेब म्हणाले, “बाई.” मी थांबले नाही. सगळं सांगितलं.

मल्लय्यानं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. “तेलुसु, अम्मा,” तो म्हणाला. ठाऊक आहे. आणि मग तो तेलुगूत जे बोलला ते असं:

“आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. ऑफिसातल्या लोकांनी आधीच सांगितलं होतं की सार एकटे भांडतायत. म्हणून तर मी गेटवर विचारलं, निर्णय कुणाचा. मला ते सारांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते नुसतं ‘माझा नाही’ म्हणाले असते तर आम्ही सगळे तिथून त्यांच्या मागं चालत निघालो असतो. रस्ते अडवले असते. कदाचित हरलोही असतो. पण त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि मनात ठरवलं की हे यांना पेलणार नाही. कारखाना गेला, त्याचं दुःख झालं. सारांनी आम्हाला बरोबर घेतलं नाही, ते त्याहून लागलं.”

एक गिऱ्हाईक आलं. मल्लय्यानं दार उघडलं, सलाम केला, दार लावलं, परत जागेवर येऊन उभा राहिला.

मी साहेबांकडे पाहिलं. हे भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. शब्द न् शब्द त्यांना कळला होता. त्यांचा चेहरा मी गेटवर पाहिला होता, चौकात पाहिला होता, लोक हसत असताना पाहिला होता. त्या सगळ्या वेळी तो ताठ होता. आता तो ताठ नव्हता. त्यांनी एकदा कठड्याला हात टेकला.

मग त्यांनी मल्लय्याला तेलुगूत विचारलं, ड्यूटी कधी संपते. त्यानं सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत दुसरा येतो. “मी थांबतो,” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, “मी पण थांबू का?”

“नको. तुम्ही जा, बाई.”

माझं बँकेतलं काम झालं, नारायणगुड्याला थोडी खरेदी झाली. परतताना रिक्षा त्याच रस्त्यानं आली. बँकेसमोरच्या चहाच्या टपरीपुढे एक दगडी बाक होता. त्यावर दोघं बसले होते. मल्लय्यानं टोपी काढून बाजूला ठेवली होती आणि तो मोठमोठ्यानं बोलत होता, हातवारे करत, गेटवरच्या त्या जुन्या आवाजात. साहेब पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून ऐकत होते. मधे काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मल्लय्यानं हात वर करून त्यांना थांबवलं, आणि ते थांबले. रिक्षा सिग्नलला होती तोवर मी बघत राहिले. मल्लय्याच बोलत होता.